नराधम : गीतेतला सगळ्यात कडक शब्द (अध्याय 16, श्लोक 19)



आपलं रोजचं चिंतन सोळाव्या अध्यायात आलंय. आजचा श्लोक एकोणिसावा. प्रवचनात हा श्लोक फारसा ऐकायला मिळत नाही, आला तरी वक्ते एका वाक्यात उरकून पुढे जातात. मी आज इथेच थांबणार आहे, कारण थांबायला कारण घडलंय.

आधी साधा अर्थ. भगवंत सांगतात की जे माझा द्वेष करतात, जे क्रूर आहेत, अशा अमंगळ नराधमांना मी संसारात वारंवार आसुरी योनींमध्येच टाकतो. बस, एवढंच. पण यात क्रियापद आहे 'टाकतो' आणि कर्ता आहे 'मी'. आणि हा 'मी' तोच, ज्याला आपण माउली म्हणतो, विठाबाई म्हणतो, ज्याच्या कमरेवरच्या हातांकडे बघून आपल्याला धीर येतो.

दर रविवारी रात्री नऊला आमचं ऑनलाइन ज्ञानेश्वरी वाचन असतं. सात-आठ जण, बहुतेक पुण्यात आयटीत, दोघं बंगळूरला. त्यातला एक माझा कॉलेजपासूनचा मित्र. (त्याला विचारूनच लिहितोय.) तीन वर्षं दारूत गेली त्याची. नोकरी गेली, आईच्या पाटल्या गेल्या, बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. आता सुटून आठ महिने झालेत आणि रविवारचं वाचन त्याने एकदाही चुकवलेलं नव्हतं. हा श्लोक वाचला त्या रात्री तो मधेच कॉलवरून गेला. नंतर मेसेज आला, "माझा नंबर लागला रे या श्लोकात. आईच्या अंगावरचं सोनं विकणारा दुसरा कोण असतो? त्याने टाकलंय मला. पुढच्या रविवारी मला धरू नका."

त्याला फोनवर जे जमेल ते बोललो, पण ते मित्र म्हणून. अभ्यास म्हणून उत्तर द्यायचं तर शब्दाच्या मुळाशी जायला हवं. तेच आज करतोय.

नराधम हा शब्द आपल्या पिढीला गीतेतून माहीत नाही. तो बातम्यांतून माहीत आहे. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) कर्जत तालुक्यात कोपर्डी गाव आहे. जुलै 2016 मध्ये तिथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्या दिवसांत हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस नव्हता. फ्लेक्सवर, घोषणांत, टीव्हीच्या पट्टीवर. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हाही मथळ्यांत हाच शब्द. आणि त्या कृत्याला दुसरा शब्द शोधत बसायची गरजही नव्हती. मात्र त्यामुळे एक झालं. नराधम म्हणजे 'तो', पोलिसांच्या गाडीत तोंडाला फडकं बांधून बसलेला. शब्द कायमचा दुसऱ्याच्या अंगावर गेला. आणि माझ्या मित्रासारखा एखादा तो स्वतःच्या अंगावर ओढून घेतो, तेव्हा त्याच मथळ्यासकट ओढून घेतो.

गीतेत हा शब्द दोनदाच आलाय. एकदा सातव्या अध्यायात (श्लोक 15) आणि एकदा इथे. दोन्हीकडे अनेकवचनी. भगवंतांनी कुणाचं नाव घेऊन तो वापरलेला नाही. समोर अठरा अक्षौहिणी सैन्य उभं आहे, द्रौपदीच्या वस्त्राला हात घालणारे त्यात आहेत, तरी संपूर्ण गीतेत दुर्योधनाला किंवा दुःशासनाला बोट दाखवून श्रीकृष्ण हा शब्द उच्चारत नाहीत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण मात्र ट्विटरवर दिवसाला चार जणांना बहाल करतो.

आता शब्द फोडू. नर अधिक अधम. संस्कृतात उत्तम म्हणजे सगळ्यात वरचा आणि अधम म्हणजे सगळ्यात खालचा. दोन्ही शब्द मुळात दिशेचे आहेत, जातीचे नाहीत. अधम ही वेगळी प्रजाती नव्हे. माणूसच, पण उतरत उतरत तळाला गेलेला. आणि बघा, लगेच आधीचा पंधरावा अध्याय कोणता? पुरुषोत्तमयोग. पुरुष अधिक उत्तम. एका अध्यायात सगळ्यात वरचं टोक, पुढच्याच अध्यायात सगळ्यात खालचं. सलग वाचलं नाही तर ही जोडी लक्षात येत नाही. रोज एक श्लोक घेण्याचा आपला प्रकार चांगला आहे, पण त्यात हा तोटा आहेच.

पंधराव्यात भगवंत आणखी एक सांगून ठेवतात : मी सगळ्यांच्या हृदयात बसलोय. सगळ्यांच्या. हे वाक्य हातात धरून सोळावा वाचायचा.

मग नराधम कोण, याचं वर्णन श्लोक 7 पासून 18 पर्यंत आहे. मित्राला मी म्हटलं, बाबा रे, तू एकोणिसावा वाचलास, आधीचे बारा परत वाच आणि त्यात दारुड्या कुठे सापडतो ते मला सांग. सापडतो तो कोण? जो म्हणतो, हे आज मिळवलं, ते उद्या मिळवीन. एवढं धन आहे, आणखी होईल. हा शत्रू संपवला, बाकीचेही संपवीन. मी मालक, मी सिद्ध, मी बलवान, मी सुखी. मी श्रीमंत, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा आहेच कोण. आणि पुढे? मी यज्ञ करीन, दान करीन. म्हणजे हा माणूस धार्मिकसुद्धा आहे! सतराव्या श्लोकात तर म्हटलंय की तो नावापुरते यज्ञ करतो, दंभाने करतो, आणि स्वतःचा मान स्वतःच वाढवून घेतो.

हे वर्णन गुत्त्यावरच्या माणसाचं नाही. गावात ज्याच्या नावाची कमान असते त्याचं आहे. वर्षाच्या शेवटी अप्रेझलचा फॉर्म भरताना आपण जी भाषा वापरतो तिचा वासही यात येतो, हे जाता जाता. 'कुलीन' हा शब्द त्या यादीत आहे हे मात्र विसरू नका. आपल्याकडे शतकानुशतकं अधम ठरवण्याचा अधिकार कुलीनांकडे होता. गीतेच्या या यादीत कुळाचा गर्वच आरोपी आहे.

आणि मग येतो अठरावा श्लोक, सगळ्याचं मूळ. हे लोक स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या देहात असलेल्या माझा द्वेष करतात, असं भगवंत म्हणतात. एकोणिसाव्यात 'द्वेष करणारे' हा शब्द येतो तो इथूनच. देवाचा द्वेष म्हणजे देवळात न जाणं नव्हे, मूर्तीपुढे हात न जोडणं नव्हे, गीता मान्य नसणं तर नव्हेच नव्हे. समोरच्या देहात तो बसलाय आणि त्या देहाला मी तुच्छ मानतो, हा द्वेष.

नेवासे तालुक्यातलं सोनई घ्या. 1 जानेवारी 2013 ला तिथे तीन दलित तरुणांचे खून झाले. कारण काय, तर वरच्या म्हणवणाऱ्या जातीच्या मुलीशी त्यांच्यातल्या एकाचं प्रेम. नाशिकच्या सत्र न्यायालयात जानेवारी 2018 मध्ये सहा जण दोषी ठरले. कुळाची अब्रू, माझ्यासारखा कोण, हा शत्रू संपवीन : तेरा ते अठरा श्लोक एका बातमीत. आणि सोनईहून नेवासे काही लांब नाही. त्याच नेवाश्यात या श्लोकांवरचा मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ सांगितला गेला.

नेवासे माझ्या आजोळच्या वाटेवर. लहानपणी एसटी तिथे थांबली की आजी खिडकीतूनच हात जोडायची. प्रवरेच्या काठी एक दगडी खांब आहे, पैस म्हणतात त्याला. दुर्गाबाई भागवतांच्या पुस्तकाचं नाव त्याच्यावरूनच आलंय. ज्ञानोबांनी या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही आपली श्रद्धा. ग्रंथाच्या शेवटी काळ दिलेला आहे : शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. ज्ञानोबांच्या जन्माचे शक दोन सांगतात, 1193 आणि 1197. म्हणजे वय एकोणीस धरा नाहीतर पंधरा. आजच्या हिशेबाने इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, नाहीतर दहावी.

हा मुलगा कोण होता? गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण या श्लोकाच्या उजेडात पुन्हा बघा. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, आणि गुरूंच्या आज्ञेवरून परत संसारात आले. नियम मोडला. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने कुटुंब वाळीत टाकलं. प्रायश्चित्त विचारलं तर सांगितलं, देहान्त. परंपरा सांगते की त्या माउलीने आणि त्या बापाने मुलांची सुटका व्हावी म्हणून तेही केलं. तरी मुलांची सुटका झाली नाही. 'संन्याशाची पोरं' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पैठणला शुद्धिपत्र मागायला जावं लागलं. चार मुलं, कुणाचा काही गुन्हा नाही, आणि आपण माणसांत बसायच्या लायकीचे आहोत असा कागद मिळवायला पायी पैठण.

'वाळीत टाकणं' यात पुन्हा तेच क्रियापद आहे, टाकणं. आपल्याला हे तेराव्या शतकातलं वाटतं. पण महाराष्ट्र सरकारला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो 2016 चा, आणि तो अमलात आला जुलै 2017 मध्ये. म्हणजे टाकणारे तोपर्यंत टाकतच होते. अजूनही जातपंचायतींच्या बातम्या येतातच.

तर असा टाकलेला मुलगा सोळाव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या श्लोकापाशी येतो. इथे देव स्वतः टाकतोय. काय करील तो? मी असतो तर दोनपैकी एक केलं असतं. एक तर श्लोक मऊ केला असता, टाकतो म्हणजे तसं नाही हो, प्रेमाने टाकतो वगैरे. नाहीतर आळंदीच्या लोकांची नावं मनात धरून भरपूर वचपा काढला असता.

ज्ञानोबा मऊ करत नाहीत. उलट मूळ श्लोकात नाही इतकं दाहक चित्र उभं करतात. ती योनी म्हणजे दुःखाच्या गावाचा उकरडा. जिथे खायला गवताचं पातंही उगवत नाही अशा रानात मी त्यांना वाघ करतो, विंचू करतो. भुकेने ते स्वतःलाच तोडून खातात, मरतात आणि पुन्हा तेच होतात. आणि विसाव्या श्लोकावर येतात तेव्हा तर त्याहून खाली जातात. पापालाही ज्याची किळस यावी, आणि विटाळालासुद्धा आपल्याला याचा विटाळ होईल अशी भीती वाटावी, अशी ती अवस्था.

इथे जरा थांबा. विटाळ हा शब्द कोण वापरतंय? ज्याची सावली लोकांना नको होती, तो. ज्यांच्यासाठी गावाने विटाळ ही गोष्ट वेगळी राखून ठेवली होती त्यांतला एक. त्याने तो शब्द जन्मावरून उचलला आणि द्वेषावर नेऊन ठेवला. कुणाच्या पोटी आलास याने विटाळ होत नाही. विटाळही ज्याला भिईल अशी जागा एकच : समोरच्या देहातल्या देवाचा द्वेष करत करत माणूस जिथे पोचतो ती. यावर कुठे भाष्य नाही, भांडण नाही, स्वतःबद्दल एक अक्षर नाही. ग्रंथभर नाही.

आणि या चित्राला लागूनच एक ओवी येते. मी ती इथे उतरवत नाही, पोथी उघडून तुम्हीच वाचा, विसाव्या श्लोकावरच्या टीकेच्या शेवटाकडे आहे. तिचा भाव असा : हे बोलताना वाणीला रडू येतं, आठवलं तरी मन मागे सरतं, अरेरे, या वेड्यांनी केवढे नरक जोडून ठेवले!

मूळ गीतेत हे नाही. श्लोक 20 मध्ये रडणं नाही, हळहळ नाही. ते ज्ञानोबांनी आणलं. आणि कुणाच्या तोंडी? टीकेत बोलणं श्रीकृष्णांचं चाललेलं आहे, ओवी त्याच ओघात आलीय. म्हणजे नराधमांना मी टाकतो असं म्हणणाराच ते सांगताना रडतो. कुणी म्हणेल, हे मधेच ज्ञानोबांचं स्वतःचं बोलणं आहे. असेल. मला त्याने फरक पडत नाही. पैठणच्या पायऱ्यांवर ज्याला टाकलेला म्हणून उभं केलं, त्याला टाकणाऱ्यांच्या गतीबद्दल बोलताना रडू येतं, हेही तेवढंच मोठं आहे.

वाळीत टाकणाऱ्या पंचांपैकी कुणी रडल्याचं कुठल्या चरित्रात वाचलंय का? मी तरी नाही. माणूस माणसाला टाकतो तेव्हा त्याला बरं वाटतं. कमेंट करून ब्लॉक करण्यात जे सुख आहे ना, तेच. टाकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे की नाही, एवढ्यावरून सांगता येईल की हे देवाचं टाकणं की पंचांचं.

आता शब्दाचा दुसरा भाग, 'क्षिपामि' आणि 'अजस्र'. क्षिप् म्हणजे फेकणं. क्षेपणास्त्र, प्रक्षेपण, आक्षेप यांतला तोच धातू. अजस्र म्हणजे अखंड, न थांबता. मग प्रश्न येतोच, देव कुणाला कायमचं टाकतो का? आपल्या आचार्यांत यावर एकमत नाही. मध्वाचार्यांनी जीवांचे तीन प्रकार मानले. मोक्षाला योग्य, कायम संसारात फिरणारे, आणि तमाला योग्य. त्या तिसऱ्यांना परतीची वाट नाही. युरोपात सोळाव्या शतकात जॉन कॅल्विननेही जवळपास असंच म्हटलं, की काही जणांचा त्याग देवाने आधीच ठरवलेला आहे. मोठ्या माणसांची मतं आहेत, उडवून लावायची नाहीत. पण गीतेचे शब्द मला तिकडे नेत नाहीत, आणि का ते सांगतो.

सोळाव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या श्लोकांतली क्रियापदं एकाखाली एक लिहून बघा. मी वहीत लिहिली. सोळाव्यात आहे 'पतन्ति', ते नरकात पडतात. एकोणिसाव्यात 'क्षिपामि', मी टाकतो. विसाव्यात 'यान्ति', ते अधम गतीला जातात. घटना एकच. पडतात, टाकतो, जातात. दोनदा कर्ता ते आहेत, एकदा मी. आणि सातव्या अध्यायात जिथे नराधम शब्द पहिल्यांदा येतो, तिथे क्रियापद आहे 'मला शरण येत नाहीत' असं. मी येऊ देत नाही, असं नाही.

आम्ही कोड लिहिणारे. प्रोग्रॅम चालता चालता काही अशक्य घडलं की सिस्टिम एक्सेप्शन 'थ्रो' करते, शब्दही तोच. नवशिक्या पोराला वाटतं कंप्युटर माझ्यावर डाफरला. कंप्युटरला राग नसतो, तू लिहिलेलंच तो तुला परत देतोय. ही उपमा ओढूनताणून आहे, मान्य. सिस्टिम रडत नाही, हा तिच्यातला मोठा दोष. पण 'मी टाकतो' आणि 'ते जातात' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी असतात ते कळायला मला तिचा उपयोग झाला.

नवव्या अध्यायात भगवंत स्वच्छ म्हणतात की मला कुणी नावडता नाही, कुणी आवडता नाही. लगेच पुढे म्हणतात की अतिशय दुराचारी जरी असला आणि अनन्य होऊन मला भजू लागला, तर त्याला साधूच समजा, कारण त्याचा निश्चय बरोबर झालाय. निश्चय. आचरण पूर्ण सुधारल्यावर, शुद्धिपत्र आणल्यावर, असं म्हटलेलं नाही. आठ महिने, आठ दिवस, हिशेबच नाही.

आणि खुद्द सोळाव्यातही विसाव्या श्लोकावर पूर्णविराम नाही. एकविसाव्यात नरकाची तीन दारं सांगितलीत, काम, क्रोध, लोभ. बाविसाव्यात म्हटलंय, या तीन दारांतून जो सुटला तो स्वतःचं कल्याण साधतो आणि परम गतीला जातो. दार म्हटलं की आत जाता येतं तसं बाहेरही येता येतं. माझ्या मित्राचं दार कामाचं होतं, म्हणजे हव्यासाचं. बाटलीचा हव्यास तो हव्यासच, त्यात मी त्याला सूट देत नाही, तोही मागत नाही. आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पण दारातून बाहेर येत असलेला माणूस उंबऱ्यावर उभा राहून मागच्या पाटीवरचं आपलं नाव वाचत बसला, तर त्याला काय म्हणायचं?

आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती घरं भरपूर. नगरचाच एक सहकारी आहे, त्याच्याशी या शब्दावर बोलत होतो तर त्याने यिर्मया संदेष्ट्याची प्रतिमा सांगितली. भट्टी पेटवली, भाता फुंकून फुंकून थकला, शिसं जळून गेलं, तरी रुप्यातला कस काही निघाला नाही, तेव्हा त्या रुप्याला टाकाऊ म्हटलं. मला आवडली ती, कारण टाकाऊ म्हणण्याच्या आधी केवढा खटाटोप आहे बघा. सोनार चांदी सहजासहजी टाकत नाही.

आपल्याकडे या सगळ्यासाठी आणखी एक शब्द आहे, पतित. रोजच्या बोलण्यात आपण पतित आणि नराधम एकाच पिशवीत टाकतो. पतित म्हणजे पडलेला. पडलेल्याला पडल्याचं कळतं, गुडघे फुटलेले असतात. म्हणून तर देवाचं नाव पतितपावन. नराधमपावन असं नाव मी कधी ऐकलं नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण सोपं आहे. गीतेतला नराधम स्वतःला वर समजतो. आपण पडलोय हे कळलं की तो त्याच क्षणी पतितांच्या रांगेत येतो, आणि ती रांग तर पंढरीला जाते. मित्राने मेसेजमध्ये लिहिलं होतं की माझा नंबर लागला. माझ्यासारखा कोण आहे असं म्हणणारा माणूस असा मेसेज टाइप करील का? त्या बारा श्लोकांतला एकही माणूस असं बोलताना दिसत नाही.

ज्यांना ही काळजी वाटते त्यांच्यासाठी या अध्यायात आधीच एक सोय आहे, ती आपण मागच्या आठवड्यात पाहिली. पाचव्या श्लोकात दैवी आणि आसुरी असे दोन भाग सांगून होतात न होतात तोच श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, तू शोक करू नकोस. कारण त्यांना ठाऊक होतं की यादी ऐकून खरा माणूस आधी स्वतःलाच तपासणार. सातव्यापासून पुढचं सगळं भयंकर वर्णन या एका वाक्यानंतर आहे. म्हणून एकोणिसावा कुणाला वाचून दाखवायचा असेल तर पाचव्यापासून सुरुवात करा आणि बाविसाव्याशिवाय पोथी मिटू नका. हा नियमच करून टाका. एकोणिसावा सुटा काढून त्याचं स्टेटस ठेवू नका, आणि नावडत्या माणसाला फॉरवर्ड तर अजिबात नको.

पसायदान आठवतं ना? त्यात खळांसाठी काय मागितलंय? खळ नाहीसे होवोत असं नाही. त्यांची वाकडी बुद्धी जावो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो. सोळाव्यात वाघ-विंचवांचं रान दाखवणारा आणि अठराव्याच्या शेवटी हे मागणारा एकच आहे, नेवाश्याच्या त्याच जागी बसलेला. उकरडा दाखवला म्हणून मागणं पोकळ वाटत नाही.

मागच्या रविवारी वाचन बाविसाव्या श्लोकापाशी थांबवलं होतं. मित्राला लिंक पाठवली, उत्तर आलं नाही. नऊ वाजून बारा मिनिटांनी त्याच्या नावाची चौकट उघडली, कॅमेरा बंद, माइक बंद. कुणी काही बोललं नाही. बंगळूरच्या ताईंनी ओवी सोडली होती तिथून पुढे वाचायला घेतली.

उद्या विसावा वेगळा घेत नाही, वर आलाच आहे. थेट एकविसावा, तीन दारं. ज्ञानेश्वरी जवळ असेल तर सोळाव्या अध्यायाच्या शेवटच्या पन्नासेक ओव्या आज रात्री नजरेखालून घालून ठेवा.

राम कृष्ण हरी.